माझ्या नावावरचे कर्ज मी घेतलेलेच नाही

प्रश्न : सेलू तालुक्यात माझी 7 एकर कोरडवाहू शेती आहे. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला बँकेत गेलो, तेव्हा मोबाइल ॲपवरून माझ्या नावावर काढलेले 48 हजारांचे कर्ज थकीत असल्याचे कळले. असे कर्ज मी कधीच घेतलेले नाही. त्यात नोंदवलेला मोबाइल क्रमांकही माझा नाही. वसुलीवाले एकदा घरीही येऊन गेले. गावात अब्रू जाण्यापेक्षा पैसे भरून मोकळे व्हा, असे घरचे म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर : कृपया एक रुपयाही भरू नका. न घेतलेल्या कर्जाचा एक हप्ता जरी भरला, तरी तुम्ही ते कर्ज मान्य केले असा अर्थ उद्या काढला जाऊ शकतो. अब्रू जायची असेल तर ती तुमच्या कागदांवर कर्ज उचलणाऱ्याची जावी. तुमची जाण्याचे काहीच कारण नाही, हे घरच्यांनाही समजावून सांगा.

आपण ज्याला सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, ते प्रत्येकाच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदी ठेवण्याचे काम देशात चार कंपन्या करतात : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. चारही अहवाल काढा, कारण एका अहवालात न दिसणारे दुसरे कर्ज तिसऱ्यात सापडू शकते. कर्ज कोणी दिले, कोणत्या तारखेला दिले, पत्ता आणि मोबाइल कोणता लावला, ते वहीत उतरवून घ्या. तो परका मोबाइल क्रमांक हा तुमच्या बाजूचा मोठा पुरावा आहे.

त्यानंतर कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी कळवा की हे कर्ज माझे नाही. अर्जाची प्रत, जोडलेली कागदपत्रे आणि रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा तपशील मागा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ॲपवरच्या कर्जाची रक्कम सर्वसाधारणपणे कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा व्हावी लागते. म्हणजे ती दुसऱ्याच्या खात्यात गेली असेल तर चूक कंपनीची ठरते, आणि तुमच्या नावाच्या पण तुम्हाला ठाऊक नसलेल्या खात्यात गेली असेल तर ते खातेही बनावट आहे हे उघड होते. तक्रार फोनवर करून थांबू नका. ईमेल करा किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

पोलिसांकडेही जाणे आवश्यक आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-सी नुसार दुसऱ्याची ओळख वापरणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कारावास आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘हे प्रकरण आमच्या हद्दीतले नाही’ असे सांगून परत पाठवले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 चा उल्लेख करा : गुन्हा कोठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि तिची प्रत विनामूल्य द्यावी लागते. तरीही नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा. खात्यातून पैसे नुकतेच गेले असतील, तर मात्र सर्वांत आधी 1930 हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक लावायचा असतो.

या कागदांच्या आधारे अहवाल देणाऱ्या चारही कंपन्यांकडे दुरुस्तीचा अर्ज करा. 30 दिवसांत तक्रार निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. कर्ज देणाऱ्या कंपनीने 30 दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. वसुलीच्या लोकांना तक्रारीची प्रत दाखवा. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करण्यास त्यांना मनाई आहे.

मधल्या काळात आधारचे बायोमेट्रिक लॉक करा आणि दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तुमच्या नावाने किती सिमकार्डे चालू आहेत ते पाहा. पीकविमा, अनुदान, केवायसी, प्रत्येक कामाला आपण आधारची झेरॉक्स देत असतो. यापुढे तिच्यावर आडवी रेघ मारून ‘फक्त अमुक कामासाठी’ असे लिहा आणि सहीखाली तारीख टाका.

मुलीचा प्रवेश मात्र यासाठी थांबवू नका. पोलीस तक्रारीची आणि दुरुस्तीच्या अर्जाची प्रत शैक्षणिक कर्जाच्या अर्जाला जोडा, आणि आईला सहकर्जदार म्हणून घेता येईल का, हे शाखा व्यवस्थापकांना लेखी विचारा.