जानेवारीतील हिमालयीन उद्यान: बर्फाने मिटलेले आणि तरी उघडे

प्रश्न : गेली १५ वर्षे आम्ही ताडोबा, पेंच आणि नवेगावच्या वाऱ्या करीत आहोत. हिमाचल प्रदेशातील ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान पाहण्याचे फार दिवसांपासून मनात आहे. परंतु आम्हाला रजा जानेवारीतच मिळते आणि ‘तेव्हा तिथे सगळे बंद असते’ असे अनेकांनी सांगितले. सोबत ६८ वर्षांचे वडील असतील. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे. बेत करावा की मे महिन्याची वाट पाहावी?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : जानेवारीत जावे, असेच मी सांगेन. ‘सगळे बंद’ हे अर्धेच खरे आहे. कुल्लू जिल्ह्यातील सुमारे ७५४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानाला २०१४ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. त्याच्या वरच्या भागातील कुरणे आणि खिंडी हिवाळ्यात बर्फाखाली असतात. तिकडे जाण्याचा विचारही करू नये. परंतु पश्चिमेच्या अंगाला तीर्थन आणि सैंज नद्यांच्या खोऱ्यांतील गावे बारमाही नांदती आहेत, आणि बर्फ पडला की वरचे पशुपक्षी याच दिवसांत खाली उतरतात.

आपली ताडोबाची सवय मात्र तेथे उपयोगाची नाही. या जंगलात जिप्सी नाही, गाडीरस्ताही नाही. जे पाहायचे ते पायी चालून आणि बराच वेळ एका जागी बसून. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर ऊन पडते, तेथील बर्फ आधी वितळतो आणि गवत उघडे पडते. म्हणून घोरल, हिमालयीन ताहर हे शेळीसारखे रानटी प्राणी त्या उतारांवर चरायला येतात. दरी अरुंद असल्यामुळे ऊन खाली पोहोचायला उशीर लागतो. सूर्य चांगला कासराभर वर आला की नदीकाठच्या एखाद्या दगडावर बसून समोरचा कडा दुर्बिणीने सावकाश न्याहाळावा. घोरल उभा असतो तेव्हा दगडासारखाच दिसतो; बहुधा त्याची शिंकेसारखी इशाऱ्याची हाक आधी ऐकू येते आणि मग तो दिसतो. मोनाल हा रंगीबेरंगी पक्षी दिसण्याची शक्यताही हिवाळ्यात खालच्या जंगलात वाढते. हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराना मात्र फार लाजाळू आहे, त्याची आशा धरून जाऊ नये.

मला स्वतःला तीर्थनच्या काठी सर्वांत जास्त वेळ गुंतवून ठेवले ते ब्राऊन डिपर या मुठीएवढ्या, चॉकलेटी रंगाच्या पक्ष्याने. हात बुडवला तर बोटे बधिर व्हावीत अशा पाण्यात तो दगडावरून सरळ बुडी मारतो, तळाशी किडे शोधतो आणि थोड्या अंतरावर वर येऊन पुन्हा दगडावर बसून शेपटी उडवू लागतो.

एक विनंती कळकळीने करावीशी वाटते. हिवाळ्यात या प्राण्यांना खायला कमी मिळते आणि अंगातली ऊब टिकवण्यासाठीच त्यांची बरीचशी शक्ती खर्च होते. छायाचित्रासाठी जवळ जाऊन त्यांना पळायला लावले, तर तो भुर्दंड त्यांच्या जिवावर पडतो. दुरूनच पाहावे. उद्यानाच्या गाभ्यात शिरण्यास परवाना लागतो. तो घेऊन, स्थानिक वाटाड्यासह, बर्फाची स्थिती विचारूनच पुढे जावे.

वडिलांविषयी : तीर्थन खोऱ्यातील गुशैणी या गावाच्या परिसराची उंची साधारण दीड हजार मीटर आहे, त्यामुळे विरळ हवेचा त्रास सहसा होत नाही. खरी काळजी थंडीची आहे. थंडीत रक्तदाब वाढण्याची प्रवृत्ती असते, म्हणून निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. पहाटे फिरायला बाहेर पडण्याचा आपला नागपुरी नेम तेथे मोडावा, कारण पायवाटेवरचे दव गोठलेले असते आणि पाय सटकतो. वडिलांसाठी काठी अवश्य न्यावी. जवळची जलोडी खिंड ३,००० मीटरहून उंच असून बर्फामुळे तेथील रस्ता अनेकदा बंद असतो. ती या खेपेस वगळावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, झोपताना बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेत माणूस दगावू शकतो. धुराडे असलेली लोखंडी शेगडी, जिला तेथे तंदूर म्हणतात, ती चालते. तरी झोपण्यापूर्वी विझवावी.

कपड्यांसाठी फार खर्च नको. नागपुरात हिवाळ्यात तिबेटी विक्रेत्यांचा स्वेटरचा बाजार लागतो, तेथील एक जाड स्वेटर, आत गरम बनियन, कानटोपी आणि वरून वारा अडवणारे जॅकेट एवढे पुरे. बुटांत मात्र कसर करू नये.

नागपूरहून रेल्वेने दिल्ली, तेथून मनालीकडे जाणारी रात्रीची बस, आणि औटच्या बोगद्याअलीकडे उतरून बंजारमार्गे गुशैणी, असा मार्ग आहे. कुठे उतरायचे ते बसमध्ये बसतानाच वाहकाला सांगून ठेवावे, नाहीतर पहाटेच्या झोपेत औट मागे पडते. वर्षअखेरीची गर्दी ओसरल्यावर, म्हणजे जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जावे, आणि पाऊस किंवा बर्फामुळे रस्ता अडला तर धावपळ नको म्हणून दिल्लीहून परतीचे आरक्षण एक दिवस राखून करावे.