गणित सोडू नकोस

प्रश्न : सर, मी लातूरला अकरावी सायन्सला आहे. माझ्या मावसभावाला एनएफ-१ हा जन्मजात आजार आहे, त्यातून डोळ्याच्या नसेवर गाठ झाली आहे. दर काही महिन्यांनी एमआरआय होतो. पण नजर जाईल का, हे कोणी ठामपणे सांगत नाही. मला स्कॅनवरून हे आधीच ओळखण्याच्या कामात जायचंय. घरचे म्हणतात, गणित सोड आणि नीटच्या मागे लाग.

उत्तर : गणित अजिबात सोडू नकोस. तुला जे काम करायचंय, ते डॉक्टरांइतकंच गणितवाल्यांचंही आहे.

भावाचे डॉक्टर टाळाटाळ करत नाहीयेत. एनएफ-१ असलेल्या साधारण १५ ते २० टक्के मुलांना अशी गाठ होते, बऱ्याच गाठी वर्षानुवर्षं आहेत तेवढ्याच राहतात. शिवाय गाठीचा आकार आणि नजर यांचा सरळ हिशेब लागत नाही. मोठी गाठ असूनही एखादं मूल नीट वाचतं, छोट्या गाठीच्या मुलाला फळा दिसत नाही.

आधी गाठ अचूक मोजणंच कठीण. स्कॅनच्या एकेका कापावर तिची कड आखायची असते. पण ती नसेच्या आतच वाढते आणि नस जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची. मशीन बदललं, तर फरक गाठीचा की मशीनचा? वॉशिंग्टनच्या चिल्ड्रन्स नॅशनल हॉस्पिटलमध्ये हे मोजमाप कॉम्प्युटरकडून करून घेण्यावर काम झालं, ते मेडिकल इमेजिंगमधले मारियस लिंगुरारू आणि मुलांच्या नेत्र-मज्जाविकारांचे डॉक्टर रॉबर्ट एव्हरी यांनी मिळून. ही जोडी घरच्यांना जरूर सांग.

म्हणून पीसीएमबी, म्हणजे गणित आणि बायोलॉजी दोन्ही, ठेव. नीट दे, सीईटीही दोन्ही गटांतून दे. एमबीबीएस मिळालं तर पुढे रेडिओलॉजीत एमडी. नाही मिळालं तर बायोमेडिकल किंवा कॉम्प्युटर इंजिनीअरिंग, मग गेट ही एमटेकची प्रवेश परीक्षा. त्यात २०२० पासून बायोमेडिकलचा स्वतंत्र पेपर आहे आणि आयआयटी मुंबईत या विषयात एमटेक होतं. दुसरी वाट कमी दर्जाची नाही, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

सुट्टीत थ्रीडी स्लायसर हे मोफत सॉफ्टवेअर उतरवून घे. त्यात ब्रेन ट्यूमरचा नमुना स्कॅन मिळतो. गाठीची कड स्वतः आख, आठवड्यानं पुन्हा आख आणि दोन्ही आकारमानं ताडून बघ. या कामात मन रमतं का, ते तिथेच कळेल.

आणि मावशीला सांग, एमआरआयचा रिपोर्ट ‘बदल नाही’ असा आला तरी डोळ्यांची तपासणी चुकवायची नाही.