अडीच, औट आणि डॅनिश 'हाल्व त्रे'

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्ते कोपनहेगनमध्ये राहतात. फ्यून बेटावरच्या एका खेड्यात त्यांच्या डॅनिश मित्रांचे 'तांब्याचे लग्न' होते, म्हणजे लग्नाला साडेबारा वर्षे झाली होती. कॉफीचे बोलावणे 'हाल्व त्रे'चे होते. 'हाल्व' म्हणजे अर्धा आणि 'त्रे' म्हणजे तीन, म्हणून हे साडेतीनला पोचले. तोवर केक कापून झाला होता, कारण हाल्व त्रे म्हणजे अडीच. नंतर बागेत बसले असताना मित्राच्या वडिलांनी आपले वय 'हाल्वफ्येर्स' असे सांगितले आणि हे सत्तर म्हणजे साडेतीन विसा, अशी फोडही करून दाखवली. आता प्रश्न: अर्धा-तीन म्हणजे अडीच कसे? याचा आपल्या अडीचशी काही संबंध आहे का? आणि मराठीत साडेतीन, साडेचार चालते, तर 'साडेदोन' का चालत नाही? जाता जाता, मित्रांच्या दारावरची कमान अर्धीच का होती, हेही विचारले आहे.

(डॅनिश शब्द मी स्पेलिंगच्या जवळ ठेवले आहेत. बोलताना 'हाल्व'मधला व जवळजवळ ऐकूच येत नाही.)

पहिल्या तिन्ही प्रश्नांचे उत्तर आपल्या 'अडीच'मध्येच आहे. अडीच हा शब्द संस्कृत 'अर्धतृतीय'पासून आला आहे; मधला प्राकृत टप्पा 'अड्ढाइज्ज'. अर्धतृतीय हा बहुव्रीही समास आहे: ज्यांतला तिसरा अर्धा आहे असे. शेराने धान्य मोजणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. दोन शेर पुरे झाले, तिसरा अर्धाच भरला. भरलेले दोन तो सांगतच नाही, हातातल्या मापाचे काय झाले तेवढेच सांगतो: तिसरा, अर्धा. 'दीड'ही तसाच, दुसरा अर्धा, पालीत 'दियड्ढ'. 'साडे'चा हिशेब वेगळा आहे. तो 'सार्ध'पासून आला, म्हणजे अर्ध्यासह. तिथे पूर्ण झालेले आधी सांगायचे आणि अर्धा वर जोडायचा. मराठीत या दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात. दीड-अडीचपर्यंत पहिली, तिथून पुढे दुसरी.

डॅनिश माणूस घड्याळ वाचताना पहिली रीत सोडतच नाही. हाल्व त्रे म्हणजे तिसरा तास अर्धा झाला, अडीच. हाल्व फिरे म्हणजे चौथा अर्धा झाला, साडेतीन. जर्मन माणूसही असेच सांगतो. ब्रिटिश बोलीत 'अर्धा तीन' म्हणजे साडेतीन, कारण तिथे 'होऊन गेले' हे शब्द गाळलेले असतात. इंग्रजीच्या सवयीमुळे हा घोटाळा होतो. अडीच म्हणजे काय ते मनात ठेवून ऐकले असते तर वेळ चुकली नसती!

घड्याळाच्या बाबतीत तर मराठी आणि डॅनिश पाठोपाठ चालतात. सव्वादोनला डॅनिश म्हणतात 'पाव, दोनवर'. अडीचला 'अर्धा तीन'. पावणेतीनला 'पाव, तीनला कमी', आणि आपला 'पावणे'देखील 'पादोन', म्हणजे पाव उणे, असाच आहे. दोन ते तीनच्या दरम्यान दोन्ही भाषा आधी मागे पाहतात, मग चालू तासाकडे, मग पुढच्याकडे. मला हे फार सुंदर वाटते.

आता सत्तरीचे आजोबा. डॅनिशमध्ये पन्नासपासून पुढचे दशक विसांनी बांधलेले आहेत. साठ म्हणजे 'त्रेस', मूळ 'त्रेसिन्स्त्यूवे', तीन वेळा वीस. ऐंशी म्हणजे 'फिर्स', चार वेळा वीस. मधल्यांना अर्ध्याची मदत लागते. पन्नास 'हाल्वत्रेस' म्हणजे हाल्व-त्रेद्ये वेळा वीस. हाल्व-त्रेद्ये शब्दशः अर्धा-तिसरा, अर्धतृतीय, अडीच. अडीच विसा पन्नास. सत्तरमध्ये अर्धा-चौथा आहे, साडेतीन विसा. नव्वद 'हाल्वफेम्स'मध्ये अर्धा-पाचवा, साडेचार विसा. रोजच्या बोलण्यात विसाचा तुकडा गळून गेला, पण 'पन्नासावा', 'सत्तरावा' अशा क्रमवाचकांत तो पूर्ण रूपात अजून ऐकू येतो.

गंमत अशी की डॅनिशमधला सुटा 'अडीच' आता वापरात नाही. दीड तासाला ते आजही 'हाल्वआनन', अर्धा-दुसरा, म्हणतात, पण अडीच तासांना 'दोन आणि एक अर्धा' म्हणतात. जुना अडीच फक्त पन्नासच्या पोटात शिल्लक आहे. मराठीत दीड आणि अडीच दोन्ही ठणठणीत आहेत. गेला तो तिसरा भाऊ, औट.

औट म्हणजे साडेतीन. संस्कृत 'अर्धचतुर्थ', प्राकृत 'अड्ढुट्ठ', मराठी 'औट'. जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकीपासून दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकीपर्यंत पाढे घोकून घेत, ते हेच औट. संतवाङ्मयात देहाला औट हात म्हणतात, म्हणजे साडेतीन हात. आणि 'औट घटकेचे राज्य' म्हणजे साडेतीन घटकांचे. घटका चोवीस मिनिटांची, म्हणजे हे राज्य जेमतेम 84 मिनिटांचे. अनेकांना या 'औट'मध्ये इंग्रजीतले बाद होणे ऐकू येते. कृपया तसे ऐकू नका. मुहूर्त साडेतीन, शक्तिपीठे साडेतीन, पेशवाईतले शहाणे साडेतीन. बोलण्यातला औट मागे सरला आणि त्याची जागा 'साडे'ने घेतली.

आता 'साडेदोन'कडे वळू. व्याकरणाचा कुठलाही नियम त्याच्या आड येत नाही. दीड आणि अडीच बाजारात, स्वयंपाकघरात, घड्याळात इतके वापरात राहिले की 'साडे'ला तिथे शिरकाव मिळाला नाही. लहान मूल 'साडेदोन वाजले' म्हणते तेव्हा ते मोठ्या संख्यांची रीत लहान संख्यांना लावून पाहत असते. त्याला रागावू नये, अडीच शिकवावा.

ही रीत किती जुनी, ते शिलालेखांतून कळते. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात कलिंगातून दीड लाख माणसे नेल्याचा उल्लेख 'दियढ' शब्दाने येतो. त्याच्याच कर्नाटकातल्या मस्की इथल्या लेखात 'अढतियानि', म्हणजे अडीच वर्षे, आहे. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकातले हे दीड आणि अडीच. आणि तुमच्या साडेबारा वर्षांसाठी खास: सामञ्ञफलसुत्त या पाली बौद्ध सूत्रात बुद्धांसोबत 1250 भिक्खू आहेत आणि पालीत ही संख्या 'अड्ढतेळसेहि भिक्खुसतेहि' अशी येते. अर्धे-तेरा शतक, म्हणजे साडेबाराशे!

मग संबंध आहे की नाही? तृतीय आणि 'त्रेद्ये', चतुर्थ आणि 'फ्येर्दे', पंचम आणि 'फेम्ते' हे एकाच कुळातले शब्द आहेत, यात वाद नाही. 'अर्ध' आणि 'हाल्व' मात्र एकमेकांचे कोणी लागत नाहीत. अर्धा-तिसरा ही बांधणी लॅटिनमध्येही आहे. रोमनांचे सेस्टर्शियस हे नाणे मुळात अडीच 'आस'चे (आस हे त्यांचे लहान नाणे), आणि त्याचे नावच अर्धा-तिसरा. रशियन दीडही मुळात अर्धा-दुसरा. इथे थांबलो तर सगळा वारसा एका घरातला वाटेल. पण फिन्निश आणि हंगेरियन आपल्या भाषाकुळातल्या नाहीत, तरी त्यांचाही दीड 'अर्धा-दुसरा' अशाच घडणीचा आहे. म्हणून केवळ या बांधणीवरून मी नाते सांगणार नाही. क्रमवाचक शब्दांचे नाते पक्के. मोजण्याची ही तऱ्हा माणसांना ठिकठिकाणी सुचू शकते.

विसांचेही तसेच. जुनी माणसे 'चार विसा' म्हणत, वीस मणांची खंडी होई, आणि खंडीभर म्हणजे पुष्कळ. डॅनिशमध्ये विसाच्या गठ्ठ्याला 'स्नेस' म्हणतात. अंडी स्नेसने मोजत, आणि 'स्नेसेविस' म्हणजे खंडीभरच.

आणखी एक साम्य. एक्कावन्नमध्ये आपण एकक आधी म्हणतो, डॅनिशही 'एक-आणि-पन्नास' म्हणतात. नॉर्वेने 1951 साली अधिकृतपणे दशक आधी म्हणायला सुरुवात केली. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'सोबत 'वीस सात' आले, तेव्हा आपल्याकडे हाच वाद झाला. माझे मत सत्तावीसच्या बाजूने आहे. मुलांना 'वीस सात' पायरी म्हणून जरूर द्यावी, पण सत्तावीस काढून घेऊ नये. औट गेला तसा तोही जाईल.

तुम्ही दारावरच्या कमानीचे विचारले होते, ती अर्धीच का. शेजारी हिरव्या फांद्यांची ही कमान बांधतात. पंचवीस वर्षांच्या, म्हणजे चांदीच्या लग्नाला ती पूर्ण असते. साडेबारा हे पंचविसाचे अर्धे, म्हणून तांब्याच्या लग्नाला अर्धी. पुढच्या बोलावण्यात 'हाल्व फेम' आले, तर साडेचारला पोचा.