पोट वेगळे, गाणे वेगळे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

परवा इथल्या देवल क्लबातली गाण्याची बैठक संपल्यावर तू जे विचारलेस, त्याचे उत्तर चपला घालता घालता देण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र. पतसंस्थेतली नोकरी पत्करली तर आपण हौशी गायिका ठरू, आणि ती नाकारून त्या आयोजकांचे वर्षभराचे कार्यक्रम घेतले तर निदान गाण्यातच राहू, असे तुझे म्हणणे आहे. तुझ्या गळ्याविषयी मी काही लिहीत नाही, तो तुझा तुला ठाऊक आहे. मला एवढेच सांगायचे आहे की पोट वेगळे ठेव आणि गाणे वेगळे ठेव. हे मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

ज्या जयपूर-अत्रौली घराण्याची तालीम तू घेते आहेस, त्याच्याकडेच बघ. त्याचे प्रवर्तक अल्लादियाँ खाँसाहेब आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या दरबाराचे गवई होते. लयीला घट्ट बिलगून चालणारे, स्वरात स्वर गुंतवत समेवर येणारे, ऐकणाऱ्याला क्षणभरही सैल होऊ न देणारे ते गाणे आणि सावनी नट, बसंती केदार यांसारखे अनवट राग इथे रुजले, याचे एक कारण असे की उद्याच्या जेवणासाठी कुणाला रिझवण्याची गरज त्यांना इथे नव्हती, असे माझे ठाम मत आहे. त्याआधी आमलेटा संस्थानात असताना तिथल्या अधिपतीच्या आग्रहाखातर ते इतके गायले की आवाजच बसला आणि पुढे तो नव्याने उभा करावा लागला, ही हकिकत तुला माहीत आहे. सगळे ती खाँसाहेबांच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतात. मला मात्र त्यात, गाणे दुसऱ्याच्या मागणीवर टांगले की गळ्याचे काय होते, हे आधी दिसते.

१९२२ साली महाराज वारले आणि खाँसाहेब मुंबईला गेले. आता दरबार नाहीत. तुझ्यासाठी दरबार म्हणजे महिनाअखेर खात्यात जमा होणारा पगार, आणि तो पगार तुला कधीही ‘संथ विलंबित ख्याल आटोपता घ्या, अभंगाकडे या’ असे सांगणार नाही. तुझे आयोजक नेमके तेच सांगतील. त्यांची तिकिटे खपायची असतात, त्यांचाही दोष नाही. अभंग किंवा नाट्यपदे यांना मी कमी लेखत नाही. नाट्यपदे गाजवणाऱ्या केशवराव भोसल्यांच्या गावात राहून तसे करणारा करंटाच म्हणावा लागेल. ती जरूर गा, पण त्यांच्या मानधनावर घरभाडे आणि वडिलांची औषधे ठेवू नकोस, कारण तसे झाले की कुठल्याच कार्यक्रमाला नकार देता येत नाही, आणि ज्याला नकार देता येत नाही त्याचा ख्याल हळूहळू ऐकणाऱ्यांच्या घाईने चालू लागतो.

आपल्याच घराण्याचे मल्लिकार्जुन मन्सूर ध्वनिमुद्रिका कंपनीत संगीत दिग्दर्शक होते, पुढे आकाशवाणीच्या धारवाड केंद्रावर सल्लागार होते. त्यांना कुणी हौशी म्हटले आहे का? त्या नोकऱ्या गाण्याच्याच होत्या, असे तू म्हणशील. खरे आहे, तशी मिळत असेल तर तीच घे. मिळत नसेल तर पतसंस्थेची घे. पण हौशी म्हणवून घेण्याची एवढी धास्ती कशासाठी? तुझा रियाज कुणी मोजायचा, मंचावरच्या निवेदकाने? हौशीपणाच्या या धास्तीने तू माझा संयम संपवतेस.

मी लक्ष्मीपुरीत एका बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढले. पहाटे खर्जातल्या खालच्या स्वरांचा रियाज, दिवसा रोकड, संध्याकाळी गुरुजींच्या घरी तालीम. पदोन्नती आली तेव्हा ती नाकारली, कारण बदली गडहिंग्लजला होणार होती आणि संध्याकाळची तालीम बुडाली असती. माझ्याबरोबरचे काही जण पुण्या-मुंबईला गेले, त्यांची नावे झाली, माझे झाले नाही. याचे वाईट वाटत नाही असे मी म्हणणार नाही. गुरुजींच्या अखेरच्या आजारपणात मार्चअखेरीचे हिशेब होते, रात्री उशिरापर्यंत सुटका नसे, आणि खट रागातल्या एका बंदिशीचा अंतरा त्यांच्याकडून घ्यायचा राहिला तो राहिलाच. ते शल्य जाणार नाही. तरीही, कार्यक्रमांवर जगत असतो तर त्याच दिवसांत मी कुठल्या तरी परगावच्या मंडपात असतो, आणि त्याआधीची इतक्या वर्षांची तालीमही इतकी अखंड मिळाली नसती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी गाणे विकायला बाहेर पडलो नाही. एकच राग वर्षभर धरून बसलो, आणि त्याचा जाब मला कुणाला द्यावा लागला नाही. हे मला पोट वेगळे ठेवल्यामुळे मिळाले. दुसऱ्या कशामुळे नाही.

तू थकशील, हे मला माहीत आहे. संध्याकाळी घरी आल्यावर तान घेण्याचे त्राण उरत नाही, म्हणून जे काही करायचे ते पहाटेच करावे लागेल. साडेचारला उठलीस तर कामावर जाण्याआधी खर्ज, आकार आणि एका रागाची बढत एवढे व्यवस्थित होते. संध्याकाळ तालमीला आणि ऐकण्याला ठेव. आकाशवाणीची स्वरचाचणी दे. मोबाइलमधला तानपुरा बंद कर, पहिल्या वर्षाच्या पगारातून मिरजेला जाऊन स्वतःची तानपुऱ्यांची जोडी करून घे आणि तारांना गुंजन देणारी जवारी लावली जात असताना समोर बसून ऐक. आयोजकांकडून हे पैसे जमले असते असे समजू नकोस. ते पैसे प्रवासात आणि साड्यांत जातात, मी जवळून पाहिले आहे.

सोमवारी पतसंस्थेला होकार कळवायचा आहे ना? तो कळव. मात्र त्याआधी व्यवस्थापकांना दोन गोष्टी स्पष्ट विचार: शहराबाहेरच्या शाखेत बदली होते का, आणि मार्चअखेरीला संध्याकाळी किती वाजता सोडतात. पहिल्याचे उत्तर ‘होते’ असे आले, तर होकार देण्यापूर्वी माझ्याकडे ये. दुसऱ्या दोन-तीन ठिकाणी माझी ओळख आहे, तिथे शब्द टाकता येईल.

तुझा,
काका