सहीतल्या ओळी बिघडतात त्या बहुतेक वेळा एंटरमुळे

तुमची अडचण मला समजली ती अशी. ईमेलखालच्या सहीत नाव, पद आणि फोन नंबर अशा तीन ओळी तुम्ही लिहिल्या. ऑफिसच्या मेलमध्ये त्या एकाच ओळीत आल्या, म्हणून तुम्ही बीआर टॅग, म्हणजे ओळ तोडणाऱ्या खुणा, घातले. तीच सही घरच्या मेलमध्ये चिकटवली तर ओळींमधलं अंतर दुप्पट झालं. शिवाय फोन नंबर उजवीकडे सरकवायला दिलेल्या दहा-बारा स्पेस दोन्हीकडे नाहीशा झाल्या.

एचटीएमएलमध्ये, म्हणजे सही ज्या कोडमध्ये लिहितात त्या भाषेत, स्पेस, टॅब आणि एंटर यांत फरकच नाही. हे तिन्ही सलग कितीही वेळा दाबा, ब्राउझर त्या सगळ्यांची मिळून एक स्पेस दाखवतो. कोड लिहिणाऱ्याला आपल्या सोयीने ओळी तोडता याव्यात, आत-बाहेर सरकवता याव्यात आणि वाचणाऱ्याला त्याचा पत्ताही लागू नये, म्हणून हा नियम आहे. त्यामुळे ऑफिसच्या मेलने चूक काहीच केली नाही. तुमचा एंटर त्याने एक स्पेस म्हणून वाचला, एवढंच.

घरच्या मेलमध्ये उलटं घडलं. काही एडिटर आपण दाबलेल्या प्रत्येक एंटरच्या जागी स्वतःहून बीआर घालतात. एक तुमचा, एक त्याचा, म्हणून दोन. मी आजवर दुरुस्त केलेल्या सह्यांमध्ये हीच भानगड सगळ्यात जास्त वेळा निघाली आहे, आणि लोक तासन्‌तास टॅग बदलत बसतात याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून बाकी काही करण्याआधी एक चाचणी करा. ‘एक’ लिहा, एंटर दाबा, ‘दोन’ लिहा, सेव्ह करून बघा. दोन्ही शब्द शेजारी आले तर तो एडिटर एंटर मोजत नाही. वेगळ्या ओळींवर आले तर मोजतो. मी स्वतः पूर्ण सहीचा कोड एका लांबलचक ओळीत लिहितो, मध्ये एकही एंटर नाही. दिसायला ओबडधोबड, पण दोन्हीकडे सारखाच चालतो.

आणखी एक गोष्ट तपासा. बीआरला बंद करणारी जोडी नसते. सवयीने कुणी त्याच्यापुढे तिरकी रेघ असलेला बंद करणारा टॅग लिहिला, तर ब्राउझर त्यालाही नवा बीआर समजतो आणि ओळ दोनदा तुटते.

आता बीआर कुठे आणि पी, म्हणजे परिच्छेदाचा टॅग, कुठे. नाव आणि पद ही एकाच माणसाची माहिती, ती जवळजवळ हवी, तिथे बीआर. त्यानंतरचा पत्ता किंवा संपर्क हा वेगळा गट, त्याला नवा पी. ब्राउझर पी टॅगला वर आणि खाली एक-एक ‘एम’ इतकी मोकळी जागा आपणहून देतो. एम म्हणजे त्या मजकुराच्या फाँटचा आकार. फाँट 16 पिक्सेलचा असेल तर जागाही 16 पिक्सेल. दोन पी एकाखाली एक आले की 16 आणि 16 मिळून 32 होत नाहीत, दोन्ही समास एकमेकांत मिसळतात आणि 16 च राहतात. रिकामा पी लिहून जागा वाढवायला गेलात तर काहीच वाढत नाही, कारण आत मजकूर नसलेल्या पीला उंचीच नसते. आउटलुकमध्ये कोड न लिहिता हेच करायचं असेल तर नुसता एंटर नवा परिच्छेद देतो, शिफ्ट धरून एंटर दाबला की फक्त ओळ तुटते.

स्पेसचं सांगतो. टिकणारी स्पेस हवी असेल तर अँडचं चिन्ह, त्याला जोडून एनबीएसपी आणि शेवटी सेमीकोलन. अशा अनेक स्पेस मिळून एक होत नाहीत आणि त्या जागी ओळही तुटत नाही. फोन नंबरचे आकडे गटांत लिहिले असतील तर त्यांच्यामध्ये ती जरूर घाला, म्हणजे अर्धा नंबर खालच्या ओळीवर जाणार नाही. ‘डॉ.’ आणि आडनाव यांच्यामध्येही तेच. पण वीस एनबीएसपी ओळीने मांडून नंबर उजवीकडे ढकलू नका. प्रत्येकाच्या यंत्रावर फाँट वेगळा, अक्षरांची रुंदी वेगळी, त्यामुळे तुमच्याकडे जुळलेली रांग दुसऱ्याकडे जुळत नाही. आणि ती साखळी तुटत नसल्यामुळे फोनच्या अरुंद पडद्यावर ओळ बाहेर जाते.

दोन रकाने खरोखरच हवे असतील तर साधं टेबल करा, एक आडवी ओळ आणि दोन कप्पे. सेलस्पेसिंग, म्हणजे कप्प्यांमधलं अंतर, शून्य लिहायला विसरू नका, नाहीतर ब्राउझर आपले 2 पिक्सेल घालतो. वेबच्या पानांवर मांडणीसाठी टेबल वापरू नये हे खरं, पण ईमेलमध्ये मी ते बिनदिक्कत वापरतो. विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकने 2007 च्या आवृत्तीपासून ईमेल दाखवायला वर्डचं इंजिन घेतलं. डिव्ह (मजकुराचा गट करणारा टॅग) किंवा पीला दिलेली पॅडिंग, म्हणजे आतली मोकळी जागा, ते मानत नाही, टेबलच्या कप्प्याला दिलेली मानतं.

सही मराठीत असेल तर ओळींची उंची स्वतः ठरवा. वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असल्यामुळे रोमन लिपीला पुरणारी जागा देवनागरीला कमी पडते आणि ओळी एकमेकींत अडकल्यासारख्या दिसतात. त्यासाठी स्टाइलमध्ये, म्हणजे दिसण्याच्या सूचनांमध्ये, लाइन-हाइट 1.5 लिहा, एकक न लावता. काही ठिकाणी स्टाइल पूर्ण काढून टाकतात, तिथे हे टिकणार नाही, पण बीआर आणि पी तरी टिकतील.

लांबीबद्दल जुना संकेत मला अजून पटतो. ऑक्टोबर 1995 च्या आरएफसी 1855 या इंटरनेट शिष्टाचाराच्या दस्तऐवजामध्ये सही 4 ओळींपेक्षा मोठी नसावी असं म्हटलं आहे. तुमच्या तीनच आहेत, तेव्हा टेबलची गरजच नाही. एका पीमध्ये नाव, बीआर, पद, बीआर, फोन नंबर असं सलग लिहा, नंबरच्या आकड्यांच्या गटांमध्ये एनबीएसपी घाला, आणि स्वतःलाच मेल पाठवून फोनवर आणि संगणकावर उघडून बघा. तरीही दुप्पट अंतर आलं तर सेव्ह झाल्यानंतरचा कोड इथे द्या, एडिटरने त्यात काय भर घातली ते मी शोधून देतो.