बाळ रडलं नाही, कूलिंगची वेळ गेली. आता काय करायचं?

भाऊ, तुमचा प्रश्न रात्री वाचला आणि नंतर झोप लागली नाही. काटोलला बाळ झालं, रडलं नाही, नागपुरात पोचेपर्यंत सहा तास उलटले. डॉक्टर एचआयई, म्हणजे ऑक्सिजन कमी पडून मेंदूला झालेली इजा, स्टेज 2 म्हणाले आणि कूलिंगची, म्हणजे बाळाचं अंग थंड ठेवण्याच्या उपचाराची, वेळ गेली म्हणाले. बाळ आज बारा दिवसांचं आहे. तुम्ही विचारता, वेळेत पोचलो असतो तर मेंदू वाचला असता का?

माझ्या मुलाला कूलिंग मिळालं होतं. मे महिना, बाहेर 45 अंश, आणि तो एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, तीन दिवस 33.5 अंशांवर. सिस्टरने एकदा तळपायाला बोट लावू दिलं. पाय माठासारखा गार होता. मग तासाला अर्धा अंश करत त्याला परत ऊब दिली. आज तो सात वर्षांचा आहे. खूप बोलतो, गणितं तोंडी करतो, पण वॉकर धरून चालतो आणि पेन्सिल धरताना त्याची बोटं वळतात.

ऑक्सिजन तुटल्यावर मेंदूच्या काही पेशी लगेच मरतात, काही तग धरतात आणि पुढच्या तासांत हळूहळू जातात. या दुसऱ्या पेशींसाठी ते थंड करणं असतं, म्हणून सहा तासांची अट. पण 2021 मध्ये भारत, बांगलादेश आणि श्रीलंकेतल्या 408 बाळांचा एक मोठा अभ्यास आला. त्यात कूलिंगने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झालं नाही, उलट कूलिंग दिलेल्यांत मृत्यू जास्त झाले. म्हणून त्या रस्त्याचा हिशोब मनातून काढा. तुमच्या हातून बाळाचं काही हिरावलं गेलं, असं कोणीच म्हणू शकत नाही.

आणि तुमच्या आई म्हणतात ना, सुनेनं नीट कळा दिल्या नाहीत? ते बोलणं आजच थांबवा. नाळ दबणं, वार सुटणं, प्रसूती अडून राहणं, यातलं काहीच वहिनींच्या हातात नव्हतं. मी असं ऐकत एक वर्ष काढलंय.

स्टेज 1 ची बाळं बहुधा सावरतात, स्टेज 3 मध्ये धोका फार मोठा. मधल्या स्टेजचं खात्रीने कोणी सांगणार नाही. एमआरआयवरून अंदाज येतो, पण बाळाचं खरं कळतं ते पुढच्या महिन्यांत, आणि तिथेच मी चुकले. चार महिन्यांचा झाला तरी त्याचा अंगठा मुठीत दडलेला असायचा, आंघोळीला पाय कात्रीसारखे ताठ व्हायचे. एका डॉक्टरांनी 'मुलगे उशिराच करतात सगळं' म्हटलं आणि मी थांबले. ते चार महिने मला अजून खुपतात. तुम्ही थांबू नका. तिसऱ्या महिन्यात बाळाची न्यूरो तपासणी करून घ्या, दर वेळी डोक्याचा घेर मोजून फाइलमध्ये लिहायला लावा. कानाची बेरा, म्हणजे ऐकू येतं का याची तपासणी, आणि डोळ्यांची तपासणीही विसरू नका. झटक्यांचं औषध स्वतःहून बंद करायचं नाही.

खर्चाची काळजी वाटत असेल तर नागपूरच्या मेडिकल, मेयो किंवा मिहानच्या एम्स या सरकारी रुग्णालयांत दाखवा आणि डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी मागा. तिथली फिजिओथेरपी मोफत असते. पुढे सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारं अपंगत्व, निघालीच तर निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. पण ते निघेलच असं धरून बसू नका.

सुट्टी मिळण्याआधी एक काम मात्र नक्की करा. बोंडल्याने दूध कसं पाजायचं ते सिस्टरकडून शिकून घ्या. आम्ही शिकलो नव्हतो. घरी पहिल्याच रात्री त्याला ठसका लागला, ओठ निळे पडले, आणि मी त्याला पालथं धरून अंधारात ओरडत होते. बाळाचं डोकं किती उंच धरायचं, एका घोटानंतर किती थांबायचं, हे तुम्ही आणि वहिनी दोघांनीही सिस्टरसमोर दोन-दोनदा करून दाखवा, मगच फाइल घेऊन निघा.