वाचकांचे प्रश्न : एकट्याने बुलेट ट्रेलरवर

प्रश्न : खानापूरहून जांबोटी-चोर्ला घाटातून गोव्याला बुलेट न्यायची आहे. कारमागे जोडायचा ट्रेलर कसा निवडू? चढवायला मी एकटाच आहे.

उत्तर : बुलेट 350 सुमारे 195 किलो भरते, त्यामुळे एकट्यासाठी फळी (बुलेट उभी करायचा तळ) मागे झुकणारा ट्रेलरच घ्या. फळी न झुकणारा असेल, तर तिची उंची 60 सेंटिमीटरच्या वर नको आणि रॅम्प निदान 2.1 मीटर लांब हवा. आखूड रॅम्पवर गाडीचं पोट कडेला टेकतं आणि ती मध्येच अडकते. रॅम्प ट्रेलरला पट्ट्याने बांधा. तो सरकला की गाडी अंगावरच येते.

पुढच्या चाकाला पकडणारा खोबणीचा अडसर हवाच. चाक त्यात बसलं की गाडी उभी राहते आणि पट्टे बांधायला दोन्ही हात मोकळे होतात. रॅचेटचे (दांडा मागेपुढे करून ताणायचे) 4 पट्टे घ्या. पुढचे दोन हँडलला नको, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या, दबणाऱ्या दोन नळ्यांच्या) खालच्या क्लॅम्पला लावा आणि फोर्क साधारण अर्धा दबेपर्यंत ताणा. पूर्ण दाबलात तर फोर्कचं तेल अडवणारी सील जाते. सैल ठेवलेत तर खड्ड्यात फोर्क दबताच हूक निसटतो. साइड स्टँड वर घ्या.

वजन ट्रेलरच्या चाकांच्या किंचित पुढे ठेवा; एकूण भाराचा 10 ते 15 टक्के भाग हिचवर (कारमागच्या जोडणीवर) यावा. भार मागे गेला की ट्रेलर वळवळतो, घाटउतारावर तर फारच. पहिल्या 10 किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ताणा. ट्रेलरचीही स्वतंत्र नोंदणी लागते. कागद पाहूनच पैसे द्या.